साप जन्मला कुठे, ते आधी कळू द्या

प्रति,
मा. मुख्य वन्यजीव संरक्षक,
गुजरात राज्य, अरण्य भवन, गांधीनगर

विषय : पाळीव सापाची नोंद खरेदीपूर्वी तपासता यावी आणि नकोसा साप जमा करण्याची सोय सुरतेत व्हावी

महोदय,

सुरतेच्या लिंबायतमध्ये नागपंचमी दोनदा येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन इथे स्थिरावलेली मराठी घरे ती श्रावण शुद्ध पंचमीला करतात. शेजारची गुजराती घरे पंधरा दिवसांनी, श्रावण वद्य पंचमीला. त्याच दिवसांत मीठी खाडी फुगते आणि बिळांत पाणी शिरले की साप वस्तीकडे वळतात. धामण गोदामातल्या गाठोड्यांमागे सापडते, दिवड गटारात, कवड्या भिंतीच्या फटीत. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून काठी घालणारेही असतातच. साप या वस्तीला नवा नाही. नवी आहे ती साप पाळण्याची हौस.

ही हौस मोबाइलमधून आली. गळ्यात पिवळा-पांढरा अजगर टाकून हसणारा तरुण, त्याखाली हजारो बदाम, आणि प्रतिसादांत एकच विचारणा : किती पडेल? लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या विशीतल्या पोरालाही ती विचारावीशी वाटते, यात नवल नाही. साप घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो, मग चावतो का ते विचारतो. तो साप जन्मला कुठे, रानात की पिंजऱ्यात, हे तो विचारतच नाही. या पत्राचा सगळा रोख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे, कारण त्याचे उत्तर सापाकडे पाहून मिळत नाही. ते कागदात असते, आणि तो कागद आपल्या कार्यालयाकडे येतो.

भारतातल्या रानात सापडणाऱ्या सापापुरता निकाल स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते. नाग, घोणस, धामण आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीनंतर आहे. कलम ३९ प्रमाणे रानटी प्राणी ही सरकारची मालमत्ता. म्हणजे गोदामात पकडलेली धामण बरणीत घालून चार दिवस पोरांना दाखवत बसणारा हौशी सर्पमित्रही कायद्याच्या कक्षेत येतो. त्याच्या मनात पाप नसते, हे खरे. बरणीतल्या धामणीला त्याने फरक पडत नाही, हेही तितकेच खरे.

रानातून उचललेल्या सापाचे काय होते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. गारुड्यांच्या टोपल्यांतून सोडवलेल्या नागांमध्ये विषदंत उपटलेले, तोंड दोऱ्याने शिवलेले, जबड्यात पू झालेला, असे वारंवार आढळले आहे. पंचमीला नाग दूध पितो असे जे दिसते, त्यामागे त्याला आधी तहानलेला ठेवलेला असतो. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पंचमी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली ती याच कारणाने. आणि मांडूळ? तो विष नसलेला, संथ, मातीत राहणारा साप ‘डबल इंजिन’ या नावाने लाखोंच्या अफवांवर विकला जातो. गुप्तधन, औषध, नशीब, काय वाटेल ते त्याच्या शेपटीला चिकटवले आहे. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारत शाखेने २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या चाळून मांडुळाच्या बेकायदा व्यापाराच्या १७२ घटना मोजल्या. त्यांत सर्वांत वरचा क्रमांक महाराष्ट्राचा होता, म्हणजे लिंबायतमधली मराठी घरे जिथून आली त्या मुलखाचा.

विदेशी सापाचे प्रकरण वेगळे, आणि गोंधळ आहे तो इथेच.

रीलमध्ये दिसणारा साप बहुधा बॉल पायथन असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर. मादी सहसा दीड मीटरपर्यंतची. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातल्या जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी सक्तीची झाली. ज्यांच्याकडे प्राणी आधीच होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. नव्याने घेणाऱ्याला ३० दिवस. ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज, एक हजार रुपये शुल्क, आणि पुढे पिल्ले झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवण्याचे बंधन.

वाचायला व्यवस्थित वाटते. आता त्यातल्या भेगा पाहू. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. सहा महिन्यांत विदेशी प्राणी जाहीर करणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. लपलेले प्राणी उजेडात यावेत हा हेतू योग्यच होता. पण त्या खिडकीतून आत आलेल्या सापाचा पत्ता नोंदला गेला, जन्म नोंदला गेला नाही. तो आफ्रिकेतल्या बिळातून काढलेला होता, परवान्याने आणलेला होता की कुणाच्या बॅगेतून उतरलेला होता, हे त्याच्या कागदावरून कळत नाही. आता त्याची पिल्ले विकली जातात तेव्हा विकणारा ‘कागद पक्का आहे’ असे म्हणतो आणि ते खोटेही नसते.

दुसरी भेग प्रजननाची. बंदिवासात प्रजनन करणाऱ्याला मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे अर्ज करण्याचे बंधन कायद्याने पहिल्या परिशिष्टातल्या जातींपुरते घातले आहे. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात, त्यामुळे त्यातून निसटतो. तिसरी भेग कॉर्न स्नेकची. उत्तर अमेरिकेतला हा केशरी-तांबडा साप पाळणाऱ्यांचा आवडता आहे, पण तो साइट्समध्येच नाही, म्हणून चौथ्या अनुसूचीतही नाही. एकाच काउंटरवर, शेजारच्या डब्यांतल्या दोन सापांना दोन न्याय. गिऱ्हाइकाने हे कुठे वाचावे?

साइट्सच्या परवान्यावर प्राण्याच्या उगमाचे एक इंग्रजी अक्षर असते. ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदा झालेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून पकडलेला, आणि ‘आर’ म्हणजे रानातून अंडी किंवा पिल्ले आणून शेतावर वाढवलेला. टोगो, बेनिन आणि घाना या देशांतून वर्षानुवर्षे निघालेल्या बॉल पायथनमध्ये या तिसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा आहे. वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत दडलेल्या गाभण माद्या खणून काढायच्या, अंडी शेतावर उबवायची आणि पिल्ले निर्यात करायची. दुकानातल्या फळीवर ‘आर’ आणि ‘सी’ची पिल्ले शेजारी ठेवली तर अनुभवी माणूसही नुसत्या नजरेने फरक सांगू शकणार नाही.

मोठा साप थोडे बोलतो. रानातून आलेल्याच्या खवल्यांखाली गोचीड असतात, अंगावर जुने ओरखडे असतात, पोटात जंत असतात. तो महिनोन्महिने खात नाही आणि टोपलीत हात गेला की फुत्कारतो. रानातल्या सापाने नेमका वास, नेमका अंधार आणि पळत सुटणारी शिकार यांवर आयुष्य काढलेले असते; काचेच्या पेटीत ठेवलेला मेलेला उंदीर त्याला अन्न वाटत नाही. बंदिवासात जन्मलेला पहिल्या कातीपासून तेच खात आलेला असतो. म्हणून जाणते पाळणारे विकत घेण्याआधी साप आपल्यासमोर खातो का, ते पाहतात. अंड्यातून कधी निघाला, शेवटचे पाच घास कधी घेतले, वजन किती, आई-बाप कोणाकडे आहेत, हे विचारतात. डोळे स्वच्छ हवेत (कात टाकण्याआधीचा दुधी पडदा सोडून), नाकाशी बुडबुडे नकोत, तोंड उघडून श्वास घेणे नको, हनुवटीखालच्या खवल्यांत काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे सौदा तिथेच थांबवायचा. घरी आणल्यावरही निदान तीन महिने इतर सापांपासून वेगळा ठेवायचा, कारण अजगर आणि बोआंमध्ये श्वसनाचे व मेंदूचे विषाणूजन्य आजार लक्षणे न दाखवता मुरतात. अंगावर कोळ्याच्या जाळीसारखी नक्षी असलेला ‘स्पायडर’ प्रकार तर घेऊच नये : त्या नक्षीच्या जनुकाबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो, डोके डुलते, तोल जातो. विकणारे तेच नाच म्हणून दाखवतात.

समजा, सगळे तपासून एखाद्याने साप घेतला. लिंबायतच्या खोलीत तो जगेल का?

पुस्तकांत लिहिलेली निगा थंड देशांतल्या घरांसाठी आहे. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश, दुसरी २५ ते २७, दोन्हीकडे दडायला जागा, पाण्याचे पसरट भांडे, आर्द्रता साधारण ६० टक्के. त्यासाठी तापवणारी चटई आणि थर्मोस्टॅट. पण थर्मोस्टॅट फक्त उष्णता बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. पत्र्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा पेटीला थंड बाजूच उरत नाही, आणि सापाला घाम येत नाही. तो तोंड उघडतो, कोपरे धुंडाळतो आणि काही तासांत मरतो. पावसाळ्यात उलट संकट. हवा इतकी दमट असते की पेटीतले अंथरूण कधी सुकत नाही, पोटाखालचे खवले कुजतात, छातीत पाणी होते. वीज गेली किंवा खाडीचे पाणी घरात शिरले तर पेटी कोणत्या माळ्यावर चढवायची, हे साप आणण्याआधी ठरलेले हवे.

खाणे उंदरांचे. सापाच्या अंगाची सर्वांत जाड जागा असेल तेवढ्या जाडीचा उंदीर, पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी. तो मेलेलाच द्यायचा, कारण कोंडलेला जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो. गोदामात पकडलेला उंदीर मुळीच नको. त्याच्या पोटात विषाची गोळी असू शकते आणि मुतात लेप्टोस्पायरा, ज्याची साथ दक्षिण गुजरात दर पावसाळ्यात झेलतो. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले उंदीर गोठवून ठेवायचे, आणि फ्रीज घरातल्या कोथिंबिरीचाच असतो. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय हा बेत तडीस जात नाही. साप हाताळल्यावर साबणाने हात धुणेही आलेच, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हमखास असतो.

आणि मुदत? बॉल पायथन पिंजऱ्यात वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने जुलै २०२० मध्ये, नर जवळ नसताना, सात अंडी घातली. तेव्हा तिचे वय किमान ६२ धरले गेले. अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहणाऱ्या माणसाला तीस वर्षांचा सोबती झेपत नाही, हे घेतल्यानंतर कळते. मग तो साप जातो कुठे?

खाडीत. किंवा तापीच्या काठावर, रात्री, पिशवीतून. फ्लोरिडाच्या दलदलीत बर्मी अजगर असेच पसरले. त्यांनी ससे-रकून संपवले ते संपवलेच, शिवाय फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवी तिथल्या मूळ सापांत पसरवला. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव म्हणून आणलेला कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक सुटला आणि जिथे जिथे तो पोचला तिथून बेटावरचे स्थानिक सरडे जवळजवळ दिसेनासे झाले. सुरतेला आपली धामण आहे, आपला नाग आहे, आणि गोदामांतले उंदीर फुकटात तेच आवरतात. त्यांच्यात परदेशी जंत सोडणे कुणाच्याच हिताचे नाही.

यात विमानतळाचा भागही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून बेंगळुरूला उतरलेल्या सामानात ५५ बॉल पायथन, १७ नागराज आणि मेलेली सहा माकडे निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ मध्ये पुन्हा मुंबईत, थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे ४७ विषारी साप मिळाले. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बेतलेली आहे. असल्या आयात विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. सुरतेहून बँकॉकचे थेट विमान २० डिसेंबर २०२४ ला सुरू झाले. या विमानाने असा साप आला असे हे पत्र म्हणत नाही. पण दोन मोठ्या शहरांनी जो मार्ग अनुभवला, तो आता इथवर आला आहे, आणि इथल्या सीमाशुल्क कर्मचाऱ्याला बॉल पायथन ओळखता यायला हवा, एवढे म्हणायला हरकत नसावी.

सगळेच बंद करा, असे काहीजण म्हणतील. त्या म्हणण्यात वजन आहे. तरी सापाची ओढ हा दोष नव्हे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि त्याच ओढीतून पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. मद्रासचे सर्पोद्यान उभारणारे रोम्युलस व्हिटेकर यांनी तर शाळकरी वयात अजगर पाळला होता. तो काळ १९७२ च्या कायद्याआधीचा होता. आजच्या लिंबायतच्या पोराला ती वाट बंद आहे, आणि दुसरी कुणी दाखवलेली नाही. सरथाणाचे महापालिकेचे प्राणिसंग्रहालय एका रिक्षाच्या अंतरावर आहे, धरमपूरला आपल्याच विभागाची सर्प संशोधन संस्था आहे. शनिवार-रविवारी तिथल्या जाणत्यांच्या हाताखाली साप ओळखायला, वस्तीतून सुरक्षित काढायला शिकता आले, तर हौसेला विकत घेण्याआधी एक थांबा मिळेल.

म्हणून मागण्या अशा. नोंदणी क्रमांक टाकला की जात, नोंदीची तारीख आणि उगमाचा शेरा कुणालाही मोबाइलवर दिसावा. मालकाचे नाव-पत्ता दिसण्याची गरज नाही. २०२० च्या योजनेतून आलेल्या सापांवर आणि त्यांच्या पिल्लांवर ‘उगम अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. स्वतःहून आणून दिलेला विदेशी साप शिक्षेच्या धाकाशिवाय घेणारी, त्याला वेगळा ठेवून तपासणारी एक जागा सुरतेत असावी, आणि १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर विचारले तर तिचा पत्ता सांगितला जावा. कॉर्न स्नेकसारख्या साइट्सबाहेरच्या जातींचा प्रश्न केंद्राकडे लेखी मांडावा. आणि कोणता साप पाळणे गुन्हा आहे, कोणत्याची नोंद लागते, याचा एक पानी मजकूर महापालिकेच्या मराठी, गुजराती आणि हिंदी शाळांत श्रावणाआधी लागावा.

पैकी पहिल्या तीन गोष्टी आपल्या पुढाकाराने होण्याजोग्या आहेत. पोर्टल केंद्राचे आहे, पण नोंदी आपल्या सहीने होतात. चौथीला पत्रव्यवहार लागेल, पाचवीला छपाई. यांतले काय होऊ शकते, काय नाही आणि का नाही, हे आपण जाहीरपणे कळवावे. उत्तर मराठीत दिले तरी चालेल, गुजरातीत दिले तरी. लिंबायतमध्ये दोन्ही वाचली जातात.

कळावे,
एक लिंबायतकर